बंकिमबाबूंच्या विधवा, मृत्युपत्रं आणि पत्रं: सुरुवातीच्या बंगाली कादंबरीतल्या बायका कशा वाचायच्या?

दप्तरदार (धागाकर्ता)

बंगाली कादंबरीतल्या स्त्रियांवर मराठीत चर्चा निघाली की ती शेवटच्या पानावर जाऊन अडते. 'विषवृक्षा'तली कुंदनंदिनी विष खाते, 'कृष्णकांतेर उइल'मधल्या रोहिणीला गोळी लागते, म्हणून बंकिमचंद्र सनातनी. 'चोखेर बाली'ची विनोदिनी काशीला जाते, म्हणून रवींद्रनाथांनी ऐन वेळी कच खाल्ली. मृणाल घर सोडते, म्हणून रवींद्रनाथांची 'स्त्रीर पत्र' ही कथा स्त्रीवादी. असा निकाल लावला की मधली दोनशे पानं वाचली नाहीत तरी चालतं.

माझं म्हणणं असं की शेवट बाजूला ठेवावा आणि तीन गोष्टींचा माग काढावा. पैसा कुणाच्या नावावर आहे? पत्र कोण लिहितं आणि ते कुणाच्या हाती पडतं? आणि गोष्ट कुणाच्या तोंडून येते? या तिन्हींची उत्तरं कथानकातच असतात आणि ती शेवटाशी बऱ्याचदा जुळत नाहीत.

'कृष्णकांतेर उइल' (१८७८) घेऊ. उइल म्हणजे मृत्युपत्र. हरिद्राग्रामचे जमीनदार कृष्णकांत राय पहिल्या मृत्युपत्रात इस्टेटीचे सोळा आणे असे वाटतात: पुतण्या गोविंदलालला आठ, मुलगे हरलाल आणि विनोदलाल यांना तीन-तीन, बायकोला एक, मुलगी शैलवतीला एक. हरलाल खवळतो आणि वाटणी बदलली नाही तर विधवेशी लग्न करीन, अशी बापाला धमकी देतो. म्हणजे १८५६च्या विधवाविवाह कायद्याचा या कादंबरीतला पहिला वापर बापाला धाक घालण्यासाठी होतो. दुसरा वापर याहून वाईट आहे. मृत्युपत्राची नक्कल करणाऱ्या ब्रह्मानंदाची पुतणी रोहिणी विधवा आहे. तुझ्याशी लग्न करतो असं आमिष दाखवून हरलाल तिच्याकडून खरं मृत्युपत्र चोरवतो आणि काम झाल्यावर म्हणतो, चोरणारीशी मी लग्न कसं करू?

पुढे मरायला टेकलेले कृष्णकांत मृत्युपत्र पुन्हा बदलतात. पुतण्याचं रोहिणीशी जुळल्याचं कानावर आलेलं असतं, म्हणून त्याचे आठ आणे त्याच्या बायकोच्या, भ्रमरच्या नावावर करतात. भ्रमर लगेच दानपत्र करून सगळं नवऱ्याला परत देते आणि ते रजिस्टरही करते. गोविंदलाल ते फाडतो. त्यावर ती सांगते की फाडून उपयोग नाही, याची नक्कल सरकारी कचेरीत आहे. १८७८ सालच्या, अजून विशीही न गाठलेल्या नायिकेचं हे वाक्य. तिला आपण 'पतिव्रता, म्हणून कंटाळवाणी' या खणात टाकून पुढे जातो.

अनेक वर्षांनी, रोहिणीचा खून पचवून कफल्लक झालेला गोविंदलाल पैशासाठी पत्र लिहितो. भ्रमरच्या उत्तरात हिशेब आहे, क्षमा नाही.

निशिगंधा

मुद्दा पटला, पण अर्धाच. तुमचा पैशाचा माग भ्रमरपर्यंत पोचतो. भ्रमर बायको आहे. रोहिणीचं काय? तिच्या नावावर एक आणाही नाही. काकाच्या घरी चूल सांभाळणारी, हुशार, देखणी, खाऊनपिऊन जिवंत बाई. तिला बंकिम गोविंदलालबरोबर प्रसादपूरच्या बंगल्यात ठेवतात आणि निशाकर नावाचा देखणा माणूस मुद्दाम तिच्यापुढे आणून उभा करतात. सापळा भ्रमरच्या बापानेच रचलेला असतो. रोहिणी त्याला भेटायला जाते आणि दोन-चार पानांत मरते. तोवरचा रोहिणीचा स्वभाव बघा आणि मग तिचं हे उथळ होणं बघा. शरच्चंद्रांनी याच जागेवर बोट ठेवलं होतं: रोहिणीला पापाची शिक्षा मिळाली हे ठीक, पण ती शिक्षा देण्यासाठी लेखकाने आपल्याच पात्राशी बेइमानी केली, अशी त्यांची तक्रार.

दानपत्राची नक्कल कचेरीत असते. विधवेची नक्कल कुठेही नसते, तिला मारलं की विषय मिटला.

मिताक्षरी

मृत्युपत्राचं कथानक बंगालमध्येच का रुजलं, हे कायद्याशिवाय कळत नाही, म्हणून थोडं कायद्याचं दळण.

वारसाहक्कासाठी बंगालमध्ये जीमूतवाहनाचा 'दायभाग' हा धर्मशास्त्राचा ग्रंथ चालायचा. आपल्याकडे मिताक्षरा, आणि गुजरात-मुंबईकडे तिच्या जोडीला व्यवहारमयूख. यातले फरक कादंबरी वाचताना हाताशी हवेत.

एक: मिताक्षरेत मुलगा जन्मतःच वडिलोपार्जित इस्टेटीत वाटेकरी होतो. दायभागात बाप जिवंत असेपर्यंत पूर्ण मालक तोच. त्यामुळे बंगाली बाप मृत्युपत्र करून मुलाला शून्यावर आणू शकतो. आपल्याकडच्या एकत्र कुटुंबातल्या बापाला वडिलोपार्जित मालमत्तेबाबत ते करता येत नव्हतं. कृष्णकांताची गोष्ट सातारा-पुण्याच्या वाड्यात जशीच्या तशी उभी राहिली नसती.

दोन, आणि हे बायकांसाठी महत्त्वाचं: मिताक्षरेत नवरा अविभक्त असताना वारला तर त्याचा वाटा भावांकडे जातो आणि विधवेला फक्त पोटगी. दायभागात मुलगा नसलेली विधवा, कुटुंब अविभक्त असलं तरी, नवऱ्याच्या वाट्याची वारस होते. मात्र हा हक्क तिच्या हयातीपुरता. तिला उत्पन्न खाता येतं, पण कायदेशीर गरज दाखवल्याशिवाय विकता येत नाही, आणि तिच्यामागे इस्टेट नवऱ्याच्या वारसांकडे जाते. मुलगा असेल तर वारस तो, ती नव्हे.

तीन: १८५६च्या कायद्याचं दुसरं कलम. विधवेने पुन्हा लग्न केलं की पहिल्या नवऱ्याकडून आलेली मालमत्ता आणि पोटगी तिच्या हातून सुटते, जणू ती त्याच दिवशी वारली. म्हणजे बंगालमधल्या इस्टेटवाल्या विधवेला पुनर्विवाह परवडायचा नाही. ज्या विधवेकडे गमवायला काहीच नाही, तिलाच तो मोकळा.

म्हणून निशिगंधा यांचा आक्षेप मला उलटा वाटतो. रोहिणी, कुंदनंदिनी, विनोदिनी या तिघी निर्धन असणं हा योगायोग नाही. कायद्याने ज्यांची वाट मोकळी केली होती त्याच बायकांची कथानकं उभी राहिली. इस्टेट असलेली विधवा या कादंबऱ्यांत सहसा काकी किंवा सासू म्हणून येते, नायिका म्हणून क्वचितच.

कोंडाजी७

खुर्ची ओढून बसलो आहे. चालू द्या.

पंचांगी

चर्चेत सनांचा गोंधळ होईल, त्याआधीच सांगून ठेवतो. एकाच कादंबरीचे दोन-दोन सन सापडतात, कारण बहुतेक सगळं लेखन आधी मासिकात क्रमशः आलं. 'विषवृक्ष' १८७२ म्हणाल तर ती बंकिमच्या 'बंगदर्शन' मासिकातली तारीख, १८७३ म्हणाल तर पुस्तकाची. 'चोखेर बाली' नव्या 'बंगदर्शन'मध्ये १९०१पासून आली, पुस्तक १९०३. 'घरे बाइरे' मासिकात १९१५, पुस्तक १९१६.

दुसरी अडचण बंगाब्दाची, म्हणजे बंगाली सनाची. आपण शकात ७८ मिळवतो, तसे बंगाब्दात ५९३ मिळवायचे. पण बंगाली वर्ष एप्रिलच्या मध्यावर, वैशाखात सुरू होतं आणि १ जानेवारी पौषाच्या मध्यावर येते. त्यामुळे पौषाचा उत्तरार्ध, माघ, फाल्गुन, चैत्र या काळासाठी ५९४. 'बंगदर्शन'चा पहिला अंक वैशाख १२७९, म्हणजे एप्रिल १८७२. शिवाय त्यांचे महिने सौर आहेत. त्यांचा श्रावण साधारण मध्य जुलै ते मध्य ऑगस्ट. तिथे आपला अमान्त श्रावण धरला की चूक ठरलेली.

हे फक्त तारखांच्या हौसेसाठी नाही. क्रमशः लेखनात वाचक हप्त्याहप्त्याने लेखकापर्यंत पोचत होता, हे लक्षात ठेवलं की ठराविक अंतराने येणारे धक्के आणि मध्येच घातलेली उपदेशाची पानं यांचा उलगडा होतो.

अनवट

दप्तरदारांच्या दुसऱ्या प्रश्नाला, म्हणजे पत्रांना, 'विषवृक्षा'तलं उदाहरण. सूर्यमुखी नणंदेला, कमलमणीला लिहिते की कलकत्त्यात ईश्वर विद्यासागर नावाचा कोणी मोठा पंडित आहे, त्याने विधवाविवाहाचं पुस्तक काढलंय. अशी व्यवस्था देणारा जर पंडित, तर मूर्ख कुणाला म्हणायचं? हे वाक्य बंकिमचं मत म्हणून दीडशे वर्षं उद्धृत होतंय. विद्यासागरांच्या त्याच पुस्तकाचं मराठी भाषांतर विष्णुशास्त्री पंडितांनी केलं, त्यामुळे मराठी वाचकाला तर ते जास्तच झोंबतं.

पण हे पत्र लिहिणारी कोण आणि कधी लिहिते ते बघा. नवऱ्याचा जीव घरात आणलेल्या अनाथ विधवेवर, कुंदवर, जडलाय हे नुकतंच उमगलेली ही बायको आहे. ती विद्यासागरांवर चिडणार नाही तर काय करणार? आणि एवढं लिहून ती करते काय, तर स्वतःच नवऱ्याचं कुंदशी लग्न लावून देते आणि मग घर सोडून जाते. निवेदक बंकिम आणि सूर्यमुखी यांच्यात इथे अंतर आहे. ते किती आहे यावर वाद घाला, पण शून्य नाही.

आणि हेच बंकिम १८७९ साली 'साम्य' छापतात. त्यातला एक भाग सरळ स्त्री-पुरुष विषमतेवर आहे: शिक्षण, पुनर्विवाह, घरात कोंडणं, वारसाहक्क. पुढे त्यांनीच ते पुस्तक पुन्हा छापणं बंद केलं. ताराबाई शिंद्यांची 'स्त्रीपुरुष तुलना' १८८२ची. दोन्ही शेजारी ठेवून वाचावीत. 'साम्य' युक्तिवाद करतं. ताराबाई भांडतात, आणि पुस्तक मागे घ्यायला लावील अशी दुसरी कुठली प्रतिष्ठा त्यांच्याकडे नव्हती.

आता माझी आवडती भानगड: 'देवी चौधुराणी' (१८८४). प्रफुल्ल सासऱ्याने हाकललेली मुलगी. दरोडेखोर ब्राह्मण भवानी पाठक तिला पाच वर्षांचं शिक्षण देतो. अभ्यासक्रम बारकाईने दिलाय: आधी अक्षरओळख आणि हिशेब, मग व्याकरण, रघुवंश, कुमारसंभव, नैषध, शाकुंतल, त्यानंतर सांख्य, वेदान्त, न्याय आणि सगळ्यात शेवटी गीता. पहिल्या वर्षी जेवायला जाडा तांदूळ, सैंधव, तूप, कच्ची केळी. तिसऱ्या वर्षी मुंडन. पुढे कुस्ती. पाचव्या वर्षी हवं ते खा, हवं ते नेस, तरी ती पहिल्या वर्षासारखंच जाडंभरडं पसंत करते. एका गोष्टीत मात्र ती गुरूचं ऐकत नाही: एकादशीला मासे खाणारच. बाजारातून कोणी आणले नाहीत तर ओढ्याडबक्यात उतरून स्वतः पकडते. कारण निर्जळी एकादशी विधवेची, आणि ती सवाष्ण आहे.

एवढं सगळं झाल्यावर ती दरोडेखोरांचं राणीपद टाकून परत येते ती तीन बायकांच्या नवऱ्याच्या घरी, घाटावर भांडी घासायला. बंकिमना हा पराभव वाटत नाही. निष्काम कर्माची खरी परीक्षा संसारात, असं ते म्हणतात आणि 'संभवामि युगे युगे' म्हणून पुस्तक संपवतात. मला मात्र ते पाच वर्षांचं वेळापत्रक जास्त खरं वाटतं. लग्न झालेल्या मुलीला न्याय आणि कुस्ती शिकवता येते, हे एकदा छापून गेलं की मागची भांडी पुसून टाकता येत नाही.

निशिगंधा

अनवट, 'अंतर आहे' हे सगळं मान्य. पण एक बघा. बंकिम बाईचं पत्र लिहितात. 'बंगदर्शन'मध्ये 'प्राचीना आणि नवीना' या निबंधात नव्या बायका आळशी झाल्यात म्हणून झोडपतात आणि त्यावर तीन बायकांची उत्तरंही स्वतःच लिहितात. शरच्चंद्र 'नारीर मूल्य' १९१३मध्ये 'यमुना' मासिकात लिहितात ते अनिला देवी या बहिणीच्या नावाने. रवींद्रनाथ मृणाल होतात. सगळीकडे पुरुष बाईच्या आवाजात बोलतोय. तिसरा प्रश्न, गोष्ट कुणाच्या तोंडून, तो इथे नीट लावा.

बायका स्वतः काय लिहीत होत्या? राससुंदरी देवींचं 'आमार जीवन' १८६८ सालचं, बंगालीतलं पहिलं सविस्तर आत्मचरित्र. चैतन्यभागवताच्या पोथीचं एक पान काढून घेतलं, मुलाच्या धुळाक्षरांचं ताडपत्र लपवलं आणि स्वयंपाकघरात दोन्ही ताडून पाहत वाचायला शिकली. यात कुणी सुधारक नाही, शाळा नाही. कैलासबासिनी देवींचं 'हिंदू महिलागणेर हीनावस्था' १८६३चं, म्हणजे बंकिमच्या पहिल्या बंगाली कादंबरीच्याही दोन वर्षं आधीचं.

आणि स्वर्णकुमारी देवी. त्यांची ओळख अजून 'रवींद्रनाथांची थोरली बहीण' एवढीच करून दिली जाते. पहिली कादंबरी १८७६, पुढे 'भारती' मासिकाच्या संपादक. 'काहाके' (१८९८) नायिकेच्या प्रथमपुरुषी निवेदनात आहे. तिचं लग्न ठरतं, मग कळतं की हा गृहस्थ विलायतेत दुसऱ्या मुलीला वचन देऊन आलाय. ती ठरलेलं लग्न मोडते. तिचा राग मत्सराचा नाही. एका बाईला दिलेला शब्द ज्याने मोडला त्याच्या शब्दाला किंमत किती, असा तिचा हिशेब आहे. कोणी मरत नाही, कोणी काशीला जात नाही. कदाचित म्हणूनच अभ्यासक्रमात नाही.

रेवाकाठ

काशीचा विषय निघालाच आहे तर: काशी हे बंगाली कादंबरीचं नायिका ठेवायचं कोठार आहे. 'चोखेर बाली'ची विनोदिनी काकीबरोबर काशीला. शरच्चंद्रांच्या 'पल्लीसमाज'मधली (१९१६) रमा जेठाईबरोबर काशीला. कथानकाला नको झालेली विधवा मारायची नसेल तर तिकीट काशीचं.

पण विनोदिनी तिथे जाण्याआधी काय होतं ते विसरू नये. महेंद्रचा मित्र बिहारी तिला सरळ लग्नाची मागणी घालतो आणि ती नकार देते. कायदा आहे, माणूस चांगला आहे, प्रेम आहे, तरी नाही. हा नकार आत्मत्यागाचा म्हणून लिहिलाय आणि त्यात रवींद्रनाथ चाचपडतात हे उघड आहे. पुढे त्यांनाही त्या शेवटाची खंत होती. त्याआधीची विनोदिनी मात्र बघा: मडमेकडे शिकलेली, आणि अर्धशिक्षित आशाच्या नावाने तिच्याच नवऱ्याला पत्रं लिहून देणारी. महेंद्र बायकोची म्हणून जी पत्रं वाचून हलतो त्यातली भाषा विनोदिनीची. दप्तरदारांच्या पत्राच्या प्रश्नाचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

पैशाच्या प्रश्नाचं माझं उदाहरण 'घरे बाइरे'. जमीनदार निखिलेशची बायको विमला स्वदेशीचा पुढारी संदीप याच्यासाठी घरातल्या तिजोरीतून सहा हजारांच्या गिन्न्या चोरते. चर्चा होते ती देशभक्ती की मोह यावर. पण ते पैसे कुणाचे? निखिलेश दर पूजेला आपल्या दोन विधवा वहिन्यांना तीन-तीन हजार रुपये प्रणामी देतो, ते. म्हणजे 'बाहेर' पडू पाहणारी सून स्वातंत्र्याची पहिली किंमत फेडते ती दोन विधवा जावांच्या पैशातून. रवींद्रनाथांनी ही रक्कम दुसऱ्या कुणाचीही दाखवता आली असती.

दप्तरदार

रेवाकाठ, जावांचं लक्षात आणून दिलंत हे उत्तम.

'स्त्रीर पत्र' बद्दल थोडं. 'सबुज पत्र' मासिक, श्रावण १३२१, पंचांगींच्या हिशेबाने १९१४. त्याच वर्षाच्या सुरुवातीला कलकत्त्यात स्नेहलता नावाच्या किशोरवयीन मुलीने, बापावर हुंड्याचं कर्ज नको म्हणून जाळून घेतलं होतं आणि सगळा बंगाल हादरला होता. कथेत मृणालच्या जावेची बहीण बिंदू जाळून घेते. लोक म्हणतात, बायकांनी पदर पेटवून घ्यायची फॅशनच निघालीय. मृणाल विचारते की हे नाटक बंगाली बायकांच्या साड्यांवरच का होतं, वीरपुरुषांच्या धोतरांवर का होत नाही? त्या वाक्याला स्नेहलतेची पार्श्वभूमी माहीत नसेल तर ते नुसतं टाळ्यांचं वाक्य वाटतं.

दुसरं म्हणजे रवींद्रनाथांची ही चलित, म्हणजे बोलीच्या बंगालीतली पहिली कथा मानली जाते. साधू, म्हणजे ग्रांथिक भाषेतलं पत्र असतं तर ते निवेदन झालं असतं. बोलीत आल्यामुळे ते भांडण झालं. प्यारीचाँद मित्र आणि राधानाथ सिकदार यांनी १८५४ साली 'मासिक पत्रिका' खास बायकांना समजावी म्हणून बोलीत काढली होती. त्या भाषेत बाईने उलट उत्तर द्यायला साठ वर्षं गेली.

विपिनचंद्र पालांनी 'नारायण' मासिकात 'मृणालेर कथा' लिहून प्रत्युत्तर दिलं. मृणालने केवढा घाव घातला होता ते त्यावरून कळतं.

कोंडाजी७

एक बाळबोध प्रश्न. मृणाल घर सोडून पुरीला राहिली. वय सत्तावीस, माहेरचा एक भाऊ सोडला तर कोणी नाही, हाताशी कविता करण्याची कला. पुरीत ती खाणार काय?

निशिगंधा

बाळबोध अजिबात नाही. या धाग्यातला सगळ्यात चांगला प्रश्न आहे, आणि रवींद्रनाथ त्याचं उत्तर देत नाहीत. मृणाल समुद्र आणि मीराबाई सांगते. दोन्हींनी पोट भरत नाही.

उत्तर दहा वर्षांनी येतं, आणि ते मुसलमान बाईकडून येतं. रोकेया सखावत हुसेन यांची 'पद्मराग', १९२४. रोकेया म्हटलं की सगळे 'सुलतानाज ड्रीम' (१९०५) काढतात. ते इंग्रजीत आहे, छोटं आहे आणि मजेदार आहे: पुरुष पडद्यात, बायका सौरऊर्जेवर राज्य चालवतात. पण 'पद्मराग' जास्त कामाची. तारिणी भवन नावाची संस्था, संस्थापक विधवा, तिच्या स्वतःच्या पैशातून उभी केलेली. त्यात मुलींची शाळा, बायकांना शिवणापासून टंकलेखनापर्यंत शिकवणारी कार्यशाळा, आजाऱ्यांसाठी निवारा. राहणाऱ्यांत हिंदू, ब्राह्मो, मुसलमान, ख्रिस्ती. प्रत्येकीची कैफियत क्रमाने येते आणि प्रत्येक ठिकाणी नवऱ्याच्या, भावाच्या किंवा कायद्याच्या हातात काय काय होतं हे नेमकं सांगितलेलं आहे. हेलन नावाच्या इंग्रज बाईला वेड्या नवऱ्यापासून घटस्फोट मिळत नाही, कारण इंग्रजी कायदा. म्हणजे 'तुमच्या धर्मात हे, आमच्यात ते' म्हणायची सोयच ठेवलेली नाही.

नायिका सिद्दिका. जमिनीच्या सौद्यावरून तिचं लग्न मोडून पडलेलं असतं. पुढे तोच नवरा, लतीफ, भला माणूस निघतो, प्रेमही करतो आणि परत ये म्हणतो. ती जात नाही. विनोदिनीसारखा स्वतःला कमी लेखून दिलेला नकार नाही हा. ती कामासाठी नाही म्हणते, आणि काम कुठे करणार तेही ठरलेलं आहे.

हे स्वप्नरंजन नव्हतं. रोकेयांनी नवऱ्याच्या मृत्यूनंतर १९०९मध्ये भागलपूरला शाळा काढली, ती बंद करावी लागली, १९११मध्ये कलकत्त्यात आठ मुलींवर पुन्हा सुरू केली. 'अवरोधबासिनी'तले (१९३१) ४७ प्रसंग त्याच कामाच्या आसपासचे: पडद्यापायी बायकांचे जीव कसे गेले, याची कोरडी, अधूनमधून हसवणारी नोंद.

अनवट

+१. 'पद्मराग' कादंबरी म्हणून विस्कळीत आहे हेही सांगायला हवं. योगायोग फार, पात्रं बरीच आणि सगळ्या एकाच सुरात बोलतात. कथानकाच्या बांधणीत बंकिम तिच्या कितीतरी पुढे.

निशिगंधा

विस्कळीत आहे, मान्य. संस्थेची कादंबरी तशीच होणार. एक नायिका धरून सरळ गेली असती तर पुन्हा लग्न किंवा काशी.

वाचनवेडी

मूकवाचक होते. मराठीत किंवा मुळातून वाचायचं तर कुठून सुरुवात करू? बंगाली लिपी जुजबी येते.

रेवाकाठ

लिपी येत असेल तर कादंबरीने सुरुवात करू नका. आधी रवींद्रनाथांची 'देना पावना' (१८९१). काही पानांची हुंड्याची गोष्ट आहे. दहा हजारांचा हुंडा ठरतो, सहा-सात हजार बाकी राहतात, निरुपमा सासरी झिजून मरते. शेवटच्या ओळीत पुढच्या सुनेचा भाव सांगितलाय: वीस हजार, हातोहात रोख. साधू भाषेची क्रियापदं या एका कथेत हाताखाली येतात. करियाछे, बलिल, जाइतेछि अशी लांब रूपं एकदा बसली की बंकिम अर्धा सोपा. मग 'स्त्रीर पत्र' बोलीसाठी. त्यानंतर 'कृष्णकांतेर उइल'. आकाराने आटोपशीर आहे आणि वर्णनांचा पसारा 'दुर्गेशनंदिनी'पेक्षा पुष्कळ कमी. बंकिम, रवींद्रनाथ, शरच्चंद्र, रोकेया यांचे हक्क संपलेले आहेत, बंगाली विकिस्रोतावर बरंच मिळतं.

मराठीतून वाचायचं तर शरच्चंद्र सगळ्यात सोपे, मामा वरेरकरांच्या भाषांतरांमुळे. फक्त एक पथ्य: शरच्चंद्र एका दमात सहा पुस्तकं वाचू नका. सावित्री, राजलक्ष्मी, रमा सगळ्याच पुरुषाला बसवून जेवायला वाढतात आणि मग सगळ्या एकच बाई वाटू लागतात. 'चरित्रहीन'ची (१९१७) किरणमयी आणि 'शेष प्रश्न'ची (१९३१) कमल वेगळ्या काढून वाचा. 'चरित्रहीन' अनीतिमान म्हणून 'भारतवर्ष' मासिकाने परत पाठवली होती. आजच्या वाचकाला त्यात काय खटकलं असेल ते शोधावं लागतं. किरणमयीला शेवटी वेड लागतं, ते मात्र शोधावं लागत नाही.

पंचांगी

मराठीशी तोलायचं असेल तर बाबा पदमनजींचं 'यमुनापर्यटन' (१८५७) आणि हॅना कॅथरीन म्युलेन्स यांचं 'फुलमणि ओ करुणार विवरण' (१८५२) ही जोडी घ्या. दोन्ही ख्रिस्ती प्रचाराच्या हेतूने लिहिलेली, दोन्हींत बायका केंद्रस्थानी, आणि दोन्ही 'पहिली कादंबरी' कोणती या वादात अडकलेली. बाबा पदमनजींचा भर विधवांच्या हालांवर. फुलमणीत प्रश्न घर नीट चालवण्याचा, स्वच्छतेचा, नवऱ्याच्या दारूचा. ते मुळात एका इंग्रजी गोष्टीवर बेतलेलं असल्याने घडणही परकी. हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो'मधली यमू (पुस्तकरूपात १८९३) मात्र थेट 'काहाके'च्या शेजारी ठेवता येईल. दोन्ही प्रथमपुरुषी, पाच वर्षांच्या अंतराने. एक पुरुषाने लिहिलेली, एक बाईने.

कोंडाजी७

अजून एक शंका. मृणाल १९१४मध्ये सुटली, सिद्दिका १९२४मध्ये. मग १९२९च्या 'योगायोग'मध्ये रवींद्रनाथ कुमुदिनीला नवऱ्याच्या, मधुसूदन घोषालच्या, घरी परत का पाठवतात? पैसा तर तिच्याकडे नव्हताच. पण भाऊ पाठीशी होता, राहा म्हणत होता.

मिताक्षरी

ती गरोदर आहे म्हणून. आणि इथे दायभाग नव्हे, पालकत्व आडवं येतं. हिंदू कायद्यात मुलाचा नैसर्गिक पालक बाप, आई त्याच्यानंतर. कुमू भावाकडे राहिली असती तरी घोषालांना मुलावर हक्क सांगता आला असता, आणि मुलगा झाला तर घराण्याचा वारस म्हणून ते तो सांगणारच. मृणालची मुलगी जन्मतःच वारली होती, हे 'स्त्रीर पत्र'च्या सुरुवातीलाच येऊन जातं. ती जगली असती तर मृणालला पुरीहून ते पत्र लिहिता आलं असतं का, हे बघा. कुमू भावाला म्हणतेच की असं काहीतरी असतं जे मुलासाठीसुद्धा सोडता येत नाही. म्हणजे जाण्याची तयारी आहे, पण आधी मूल त्यांच्या स्वाधीन करून. बाकीचं निशिगंधा सांगतील.

निशिगंधा

सांगते, पण आधी 'योगायोग'चे शेवटचे तीन परिच्छेद पुन्हा काढते. ते वाक्य भावाशी बोलताना आहे, मधुसूदनशी नाही, आणि त्याने बराच फरक पडतो.